एमजीच्या पेशंट ग्रुपमधली माहिती आमच्या गावाकडं कशी पोचवायची? सांगली-सातारावाल्यांनी जरूर सांगा

पलूसची_सून

नमस्कार सगळ्यांना. मी पलूस तालुक्यातली, वय ३४. मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, ग्रुपवर सगळे एमजीच म्हणतात. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांना थोडक्यात सांगते. नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथं निरोप पोचवणारी एक जागा असते, एमजीमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या जागेवर अँटिबॉडी सोडते आणि निरोप अर्धवट पोचतो, म्हणून स्नायू वापरत गेलं की दमत जातो आणि जरा थांबलं की परत चालायला लागतो. पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, ज्वारीची भाकरी चावता चावता अर्ध्यात जबडा थकतो, बोलणं नाकातून यायला लागतं, वेणी घालायला हात वर केले की धरवत नाहीत.

यातलं सगळ्यात अवघड काय तर सकाळी माणूस ठणठणीत दिसतं. मी सकाळी पाणी भरायचे, डबे करायचे, आणि संध्याकाळी चार माणसं घरात आली की माझा डोळा मिटलेला आणि जीभ जड. मग घरात काय बोललं जात असेल ते तुम्ही समजून घ्या, कामाच्या वेळेलाच हिला बरं नसतं वगैरे. चष्म्याचा नंबर बदलून झाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगाराही लावून झाला. शेवटी आमच्या ह्यांनी ऑनलाईन एका पेशंट ग्रुपमध्ये नागपूरच्या एका ताईंचा व्हिडिओ बघितला, त्यांनी स्वतःचा डोळा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा शूट करून शेजारी शेजारी लावला होता. ह्यांनी तसाच माझा काढला आणि मिरजेला मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवला, तिथनं पुढं तपासण्या आणि निदान. आता गोळ्यांवर मी बरीच बरी आहे.

आता मुद्द्यावर येते. ग्रुपमध्ये पुणे, मुंबई, नागपूर, इंदूरकडची माणसं भरपूर आहेत, पण सांगली-साताऱ्याची अगदी बोटावर मोजण्याइतकी. आमच्याकडं हा आजारच नाही असं तर होणार नाही ना, म्हणजे माणसं आहेत पण त्यांना नाव माहीत नाही. ग्रुपवर इतकी चांगली माहिती साठलेली आहे, कुठली औषधं टाळायची, डॉक्टरला काय सांगायचं, कुठली लक्षणं धोक्याची, पण ती वाचायला आधी आजाराचं नाव कळायला लागतं, आणि ज्यांना नाव कळलं नाही त्यांच्यापर्यंत ती जाणार कशी? जून हा एमजीच्या जनजागृतीचा महिना असतो पण जूनमध्ये आमच्याकडं पेरणीची घाई, कोण ऐकणार. घरच्यांची एकच अट आहे, माझा फोटो आणि नाव कुठं द्यायचं नाही. ती अट मला मान्य आहे. तर काय करता येईल सांगा, मला खरंच करायचंय हे.

---

मेडिकल_विटा

ताई, चांगला विषय काढला. माझं विट्यात मेडिकल आहे आणि माझ्याकडं एमजीचे पेशंट येतात, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

तुमच्या ग्रुपवर टाळायच्या औषधांची जी यादी फिरते ना, ती सगळ्यात आधी आमच्यासारख्यांकडं यायला पाहिजे. कारण गावाकडं माणूस ताप आला, जुलाब झाले की आधी मेडिकलमध्ये येतो, डॉक्टर नंतर. आणि जुलाबावर सर्रास काय दिलं जातं, तर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी. ते ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हा सगळा गट एमजीवाल्याची ताकद अजून कमी करू शकतो, अमेरिकेच्या औषध नियामकानं २०११ मध्ये या गटाच्या औषधांवर एमजीसाठी ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं तशीच. घसा दुखला की लोक नाव घेऊन मागतात ते अझिथ्रोमायसिन, त्याच्याबद्दल पण जपून.

आता ह्यात एक फार वाईट गाठ आहे ती सांगतो. एमजीची जी मुख्य गोळी, पायरिडोस्टिग्मिन, तिच्यानंच पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात, हा तिचा अगदी नेहमीचा साईड इफेक्ट आहे. म्हणजे पेशंट एमजीची गोळी खातो, त्याला जुलाब होतात, तो तालुक्याला मेडिकलमध्ये येऊन म्हणतो पोट बिघडलंय, आणि समोरच्याला माहीत नसेल तर तो नेमकी नको ती गोळी हातात देतो. पेशंट सांगत नाही कारण त्याला वाटतं पोटाचा आणि डोळ्याचा काय संबंध. आमच्याकडं मी एमजीच्या पेशंटच्या फाईलवर लाल पेनानं लिहून ठेवतो आणि घरातला कुणीही दुसरं काही घ्यायला आला तरी विचारतो कुणासाठी.

माझं म्हणणं असं की मोठा कार्यक्रम, बॅनर वगैरे नंतर बघू. तालुक्याच्या केमिस्ट असोसिएशनच्या मीटिंगमध्ये १० मिनिटं मागून घ्या, मी आमच्याकडची मागतो. एक पान द्यायचं, मराठीत, काउंटरच्या आत चिकटवायला. आणि पायरिडोस्टिग्मिन तालुक्याला कायम स्टॉकला नसते, सांगली-कोल्हापूरहून मागवायला लागते, तर कुठल्या गावात पेशंट आहे हे आम्हाला कळलं तर आधीच ठेवता येईल. ही गोळी तीन-चार तासच टिकते हो, संपली म्हणून दोन दिवस थांबा असं चालत नाही.

---

फलटणकर_७

माझ्या वडिलांना एमजी आहे, ६८ वर्षांचे. ताईंची गोष्ट वाचून वाटलं की हे सांगायलाच पाहिजे, हा फक्त तरुण बायकांचा आजार नाही. बायकांत चाळिशीच्या आत आणि पुरुषांत साठीच्या पुढं जास्त दिसतो असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. वडिलांचं बोलणं अडखळायला लागलं तर सगळे म्हणाले अर्धांगाचा झटका असणार, म्हातारपणी पापणी पडली तर कोण लक्ष देतंय, मोतीबिंदू पिकला असेल म्हणतात. त्यात गेलेला वेळ परत येत नाही.

मला एक सुचतं. जून महिना म्हणताय तर बहुतेक वर्षी त्याच सुमाराला माउलींची पालखी आमच्याकडनं जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, अख्खा महाराष्ट्र चालत येतो. आरोग्याचे स्टॉल असतातच, त्यात एक टेबल आपलं. वारकरी बहुतेक वयस्कर माणसं आणि गावोगावची, एकानं जरी परत जाऊन गावात सांगितलं तरी काम झालं. ग्रुपमधल्या लोकांनी यायची तयारी दाखवली तर मुक्कामाची सोय मी करतो.

---

आशा_जत_पूर्व

मी आशा आहे जत तालुक्यात. फलटणकर दादा, तुमची भावना चांगली आहे पण वारीत मी ड्यूटी केलेली आहे, तिथं लोकांच्या पायाला फोड आलेले असतात, पुढची दिंडी निघालेली असते, मलम आणि अंगदुखीची गोळी द्या म्हणतात आणि जातात. तिथं कागद दिला तर घडी करून पिशवीत जातो. आणि एमजीच्या पेशंटला जूनच्या उकाड्यात टेबलावर दिवसभर बसवू नका, उष्णतेनं त्यांचा त्रास वाढतो ना?

मला वाटतं बायकांपर्यंत जायचं असेल तर बचत गटाची मीटिंग आणि संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. तिथं बायका बसलेल्या असतात, घाई नसते, आणि मुख्य म्हणजे एकमेकींचं ऐकून बोलतात. मी नुसतं असं विचारलं ना की कुणाला दोरीवर कपडे वाळत घालताना चौथ्या-पाचव्या कपड्याला हात खाली येतो का आणि जरा बसलं की परत जमतं का, तर ज्या बाईला होतंय ती लगेच मान वर करते. डोळ्याचा आजार, नसांचा आजार असं म्हटलं की कुणी बोलत नाही. आमच्या भागातनं ऊसतोडीला टोळ्या जातात, तिथं मोळी उचलताना हात गळले तर बाई कामचुकार ठरते आणि उचल घेतलेली असते त्यामुळं सांगायची सोय नाही. असल्या बाईला कुणीतरी नाव घेऊन सांगायला पाहिजे की हा आजार असू शकतो, तपासून घे.

पण मला स्वतःला अजून एक कळत नाही, आम्ही बघायचं काय नेमकं? दमलेली बाई तर प्रत्येक घरात आहे. रक्त कमी असलेल्या तर कितीतरी. सगळ्यांनाच मिरजेला पाठवलं तर तिथले डॉक्टर आम्हाला ओरडतील आणि पुढच्या वेळी खऱ्या पेशंटकडं पण बघणार नाहीत.

---

खानापूर_ते_पुणे

ताई, तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे. मी गावाकडचाच, सध्या न्यूरॉलॉजीत, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारांच्या विभागात शिकतोय. इथं कुणाचं निदान करत नाही, फक्त सर्वसाधारण माहिती देतो.

रक्त कमी असलेली किंवा थायरॉईडची बाई दिवसभर आणि सगळ्या अंगानं थकलेली असते. एमजीत ठराविक स्नायू दगा देतात, आणि वापरल्यावर देतात. अर्ध्यापेक्षा जास्त लोकांत सुरुवातच डोळ्यापासून होते. म्हणून तुम्ही विचारायचं ते असं, पापणी पडते का आणि कधी एका, कधी दुसऱ्या डोळ्याची असं होतं का, एकाचे दोन दिसत असतील तर एक डोळा झाकल्यावर एकच दिसतं का, जेवणाच्या शेवटी चावायला त्रास होतो का, पाणी पिताना नाकातून येतं का, आणि हे सगळं संध्याकाळी वाढतं का. मुंग्या येणं, बधिरपणा हे एमजीत नसतं, तसं काही असेल तर दुसरं काहीतरी शोधायला पाहिजे. यातली दोन-तीन उत्तरं हो आली तर त्या बाईला बिनधास्त पाठवा, कुणी ओरडणार नाही. वर आढ्याकडं किंवा छताकडं मिनिटभर एकटक बघायला सांगितलं तर पापणी हळूहळू उतरते, ते मोबाईलवर शूट करून बरोबर द्या, पलूसच्या वहिनींच्या मिस्टरांनी केलं तसं. ओपीडीत पेशंट सकाळी येतो तेव्हा पापणी सरळ असते, त्यामुळं तो व्हिडिओ आम्हाला खूप उपयोगी पडतो.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. अँटिबॉडीची जी नेहमीची रक्ततपासणी आहे ती अंगभर पसरलेल्या एमजीत १०० पैकी साधारण ८५ जणांत पॉझिटिव्ह येते, पण फक्त डोळ्यापुरता आजार असेल तर जवळपास निम्म्यांतच. त्यामुळं रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं सांगून घरी पाठवलेले लोक असतात. नसेला परत परत करंट देऊन करायची तपासणी असते, दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची असते, छातीचा सीटी काढून थायमस ग्रंथी बघायची असते कारण १०-१५ टक्के लोकांत तिथं गाठ सापडते.

वहिनी, तुम्ही म्हणालात की आपल्याकडं पेशंट आहेत पण नाव माहीत नाही, त्याचं गणित मांडून बघू. जगभरच्या अभ्यासांत १० लाख लोकांत साधारण १५० ते २५० पेशंट सापडतात. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या वर होती. म्हणजे नुसत्या सांगली जिल्ह्यात ४०० ते ७०० माणसं व्हायला पाहिजेत. आपण त्याच्या निम्मी धरू. तेवढी तरी तुमच्या ग्रुपवर आहेत का? बाकीची कुठं आहेत, तर चष्म्याच्या दुकानात, दाताच्या दवाखान्यात आणि देवरुष्याकडं.

आणि ह्या आजाराचं दुःख असं की औषध आहे. १९३४ साली इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या एका हॉस्पिटलमध्ये मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर बाईंनी बघितलं की एमजीचा पेशंट आणि क्युरारे विषानं लुळं पडलेलं माणूस सारखंच दिसतं, म्हणून त्या विषावरचा उतारा त्यांनी एमजीच्या पेशंटला टोचला आणि पडलेली पापणी वर आली. आजची गोळी त्याच घराण्यातली. ९० वर्षं झाली त्याला. स्टेरॉईड आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी अझाथायोप्रिन आहे, काहींना थायमस काढून फायदा होतो, ऑपरेशनचा फायदा २०१६ च्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झालाय. अमिताभ बच्चन यांना १९८४ च्या सुमाराला हाच आजार निघाला होता आणि त्यांनी नंतर किती काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. गावात बोलताना हे उदाहरण घ्या, लोक लगेच कान देतात.

धोक्याचं मात्र वेगळं आणि मोठ्या अक्षरात पाहिजे. आडवं पडल्यावर दम लागणं, थुंकी गिळता न येणं, खोकला काढायची ताकद नसणं, एका दमात २० पर्यंत आकडे मोजता न येणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्यायचं. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ दिसतोय म्हणून थांबायचं नाही, एमजीत तो आकडा अगदी शेवटी पडतो.

आशाताई, तुमच्यासाठी अजून एक. गरोदर बाईला एमजी असेल तर बाळंतपण होऊ शकतं, होतातही, पण ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये ठरवून. कारण झटके येऊ नयेत म्हणून जे मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात ते एमजीत घातक ठरू शकतं. आणि १० ते २० टक्के बाळांना जन्मल्यावर काही आठवडे दूध ओढायला, रडायला ताकद कमी पडते, ते नंतर आपोआप जातं, पण माहीत नसेल तर बाळ दगावू शकतं. तिच्या माता-बाल कार्डावर पहिल्या पानावरच एमजी लिहायला लावा.

---

कराडचे_काका

मी एका एमजी ग्रुपचं ॲडमिनचं काम बघतो, स्वतः पेशंट आहे. सूनबाई, तुमचं पोस्ट वाचून आनंद झाला. डॉक्टरसाहेबांनी उत्तम लिहिलंय, ते सगळं ग्रुपवर पिन करतो, चालेल ना?

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. ग्रुप जितका मोठा होतो तितकी त्यात भलती माणसं शिरतात. कुणीतरी येतो आणि म्हणतो प्रतिकारशक्ती वाढवायचं चूर्ण घ्या, मुळापासून बरं होईल. अहो आमची प्रतिकारशक्तीच आमच्या अंगावर आलेली आहे, ती अजून वाढवून काय करायचं? पण नवीन पेशंट घाबरलेला असतो, पैसे देतो, आणि त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉईड वाईट असतं असं ऐकून एका दिवसात बंद करतो. स्टेरॉईड एकदम बंद केल्यावर आयसीयूत गेलेली माणसं आम्ही बघितलेली आहेत. म्हणून आमच्याकडं कडक नियम आहे, डोस कुणी कुणाला सांगायचा नाही, रिपोर्टचा फोटो टाकताना नाव झाकायचं, विक्री केली की लगेच बाहेर. तुम्ही गावात जो कागद वाटाल त्यावर ग्रुपची लिंक छापणार असाल तर त्या लिंकवर रोज लक्ष ठेवणारं माणूस आधी ठरवा. नाहीतर आपणच घाबरलेली माणसं त्या चूर्णवाल्यांच्या दारात नेऊन सोडू.

खर्चाचंही लोक विचारणार. रोजच्या गोळ्या बहुतेकांना झेपतात, पण क्रायसिसमध्ये, म्हणजे श्वास-गिळणं एकदम बिघडलं तेव्हा, आयव्हीआयजी, म्हणजे दान केलेल्या रक्तातल्या अँटिबॉडीचं सलाईन लागलं तर वजनाला किलोमागं २ ग्रॅम म्हणजे बिल लाखांच्या घरात जातं. दाखल होतानाच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलायची सोय कुठं आहे हेही आधी माहीत पाहिजे. ही माहिती कुठल्या पुस्तकात नसते, ती आमच्या ग्रुपमध्ये एकमेकांना सांगून सांगून जमलेली आहे, आणि सूनबाई म्हणतात ते खरंय, ती फोनमध्ये राहून उपयोग नाही.

---

नाव_नको_इस्लामपूर

मला एमजी आहे पण मी कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न जमायचंय. आई म्हणते खानदानी आजार आहे असं पसरलं तर तिचं कुठं जमणार नाही. तुम्ही सगळे जनजागृती म्हणताय ते बरोबर आहे पण गावात कार्यक्रम झाला की लोक पहिलं शोधतात की कुणाच्या घरात आहे. कृपा करून हा विचार करा.

---

पलूसची_सून

इस्लामपूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या घरची अट पण ह्याच भीतीची आहे. मी काय ठरवलंय सांगते, आमच्या कामात कुणीही पेशंट म्हणून उभं राहणार नाही. नागपूरच्या ताईंना मी विचारलं, त्यांचा फक्त डोळ्याचा व्हिडिओ आहे, चेहरा नाही, तो वापरायला त्यांनी परवानगी दिली. बाकी जे सांगायचं ते मेडिकलवाले दादा, आशाताई आणि डॉक्टर सांगतील. आणि कागदावर सगळ्यात वर हेच येईल की हा संसर्गानं होत नाही आणि आईबापाकडनं थेट मुलाला येणारा आजार नाही. डॉक्टर, हे वाक्य बरोबर आहे ना? तुमच्या आईला हे एकदा डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, माझ्या सासूबाईंना तसंच ऐकवलं, माझ्या शब्दाला जी किंमत नव्हती ती त्यांच्या शब्दाला आली. आणि तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं तर मला मेसेज करा, नाव विचारणार नाही.

फलटणकर दादा, वारीचं सोडून देऊ नका पण टेबल नको. जे आरोग्य पथक तिथं असतं त्या डॉक्टर-सिस्टरांनाच आपला कागद देऊ, कारण वारीत चालता चालता कुणाची पापणी पडली, मान धरवेना झाली तर ती त्यांच्यासमोर येणार. वारकऱ्याला कागद देण्यापेक्षा हे बरं वाटतंय मला, तुम्हाला पटतंय का सांगा.

मेडिकलवाल्या दादांचं ते जुलाबाचं वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण मला पण गोळी सुरू झाल्यावर तेच झालं होतं आणि तेव्हा ग्रुपवर कुणीतरी वेळेत सांगितलं म्हणून मी डॉक्टरांना फोन केला. हे आधी. बाकी सगळं मागून.

मी पेशंटच्या खिशात ठेवायच्या कार्डाचा मजकूर लिहिलाय, वाचून दुरुस्त्या सांगा:

"मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार आहे. मी दारू प्यायलेली नाही, मला अर्धांगाचा झटका आलेला नाही. माझं बोलणं अडखळत असेल, डोळे मिटत असतील तर मला बसू द्या. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना विनंती, ऑफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिन गटातली औषधं, जेंटामायसिन, शिरेतून मॅग्नेशियम आणि भुलीची औषधं माझ्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. माझी स्टेरॉईडची गोळी अचानक बंद करू नका."

मागच्या बाजूला घरचा नंबर आणि डॉक्टरचा नंबर हातानं लिहायला जागा.

---

खानापूर_ते_पुणे

वाक्य असं करा, "संसर्गानं होत नाही आणि सहसा आनुवंशिक नसतो." अगदी लहान बाळांत दिसणारा एक वेगळा जन्मजात प्रकार असतो, तो आनुवंशिक असतो, पण तो आजारच वेगळा. इस्लामपूरच्या ताईंनी बहिणीची काळजी करू नये.

कार्डात अझिथ्रोमायसिन, बीटा ब्लॉकर म्हणजे बीपीच्या आणि धडधडीच्या काही गोळ्या, आणि मलेरियाच्या क्विनीन-क्लोरोक्विनचीही भर घाला. आणि एक ओळ फार महत्त्वाची, "जीव वाचवायला लागलंच तर द्या, पण श्वासावर लक्ष ठेवा." नाहीतर कार्ड बघून घाबरून गरजेचं अँटिबायोटिकसुद्धा कुणी देणार नाही, आणि एमजीत इन्फेक्शन अंगावर काढणं हेच क्रायसिसचं मोठं कारण असतं. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं साधारणपणे चालतात, तेही लिहा म्हणजे समोरच्या डॉक्टरला पर्याय हातात राहतो.

चष्म्याच्या दुकानासाठी वेगळा कागद मी लिहून देतो, तिथं दोनच वाक्यं लागतील. नंबर सारखा सारखा बदलतोय आणि संध्याकाळी दोन दिसतात असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर नवीन काच करायच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवा, एवढंच.

---

मेडिकल_विटा

मीटिंगचं बोललो, १० मिनिटं मिळतायत. कागद ए-फोर नको, काउंटरला जागा नसते, अर्ध्या पानाचा करा आणि लॅमिनेट करून द्या, छपाईचं मी बघतो. औषधांची नावं मराठीत लिहा, पण आपल्याकडं स्ट्रिपवर इंग्रजीत असतात तर खाली तीच नावं इंग्रजीतही पाहिजेत, काउंटरवरचा पोरगा स्ट्रिप बघून जुळवतो.

---

आशा_जत_पूर्व

आमच्या पूर्व भागातल्या गावांत निम्म्या बायका घरात कन्नड बोलतात, मराठी कागद वाचून दाखवला तरी त्यांना पुरत नाही. कन्नडमध्ये करून देणारं कुणी आहे का ग्रुपवर? विजापूर, बेळगावकडचे पेशंट असतील तर त्यांना विचारा काका. आणि हळदीकुंकवाला अजून वेळ आहे, पण आमची महिन्याची मीटिंग आरोग्य केंद्रात असते, तिथं मॅडमना विचारून ते पाच प्रश्न मी सगळ्या आशांना वाचून दाखवते. पलूसच्या ताई, तो डोळ्याचा व्हिडिओ मला पाठवा, साईज कमी करून पाठवा, इकडं नेट चालत नाही.

---

कराडचे_काका

विजापूरच्या एक पेशंट आहेत, शाळेत शिकवतात. आत्ताच मेसेज केला, कार्डाचा मजकूर फायनल झाला की लगेच करून देते म्हणाल्या. सूनबाई, डॉक्टरांनी सांगितलेल्या दुरुस्त्या घालून इथंच टाका, मग मी त्यांच्याकडं पाठवतो.